दगडाचं कार्ड

“आत्ती, जरा मागं सरा की. सावली पडतीया मिरचीवर.”

मी मागे सरले. माझी सून कस्तुरी कारखान्याच्या अंगणात पोटावर झोपली होती. ओढणी कमरेला गुंडाळलेली, कोपरं फरशीवर टेकलेली आणि नाकासमोर एकच वाळकी मिरची. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून मागून आणलेला कॅमेरा तिनं मिरचीच्या इतका जवळ नेला होता की आता हिला शिंक येणार असं मला वाटत होतं. पॅकिंगच्या बायका काम टाकून दारात उभ्या होत्या.

“काय गं शिवव्वा, तुझी सून मिरचीचं आधार कार्ड काढती व्हय?” एकीनं विचारलं.

“काढू दे की. तुझ्या फोटूपेक्षा बरा येतोय तिचा,” मी म्हणाले.

बायका हसल्या, पण मी मनातून हसत नव्हते. त्या पंधरा दिवसांवर कस्तुरीचं सगळं टांगलेलं होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजच्या बाहेर मगदूम अण्णांचा मसाल्याचा कारखाना होता, मी तिथं डबे बंद करायच्या टेबलावर बसायची. अण्णांनी नवे डबे काढले होते आणि त्यांच्या मनात आलं होतं की प्रत्येक डब्यात एक कार्ड घालायचं. मागच्या बाजूला मसाला कसा वापरायचा ते, पुढच्या बाजूला रंगीत नक्षी. “नक्षी अशी पाहिजे की बाईनं कार्ड टाकून देता कामा नये. स्वयंपाकघरात चिकटवून ठेवलं पाहिजे,” असं ते म्हणायचे. कोल्हापूरच्या एका कंपनीला ते हे काम देणार होते. कस्तुरी तेव्हा बाजारात एका दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायची. तिला हे माझ्याकडून कळलं आणि दुसऱ्या दिवशी ती न सांगता अण्णांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

“सर, फुलं-पानं-मोर सगळ्यांच्या डब्यावर असतात. मी तुमच्याच मालातनं नक्षी काढून दाखवते. मिरचीची साल, पोत्याची वीण, दगडाचा खरखरीतपणा. ह्या सगळ्यात नक्षी असते, जवळ जाऊन बघितली तर.”

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “पंधरा दिवस देतो. तीन मसाले, तीन कार्डं. आवडली तर इथंच टेबल-खुर्ची आणि कॉम्प्युटर. डबे, पिशव्या, सगळं काम तुझं. न्हाई आवडली तर मग कोल्हापूर.”

आमच्या घरात टेबल-खुर्चीवर बसून काम केलेलं माणूस नव्हतं. सासरे खाणीत राबले, नवरा खाणीत राबला, मुलगा हणमंत क्रशरवर डंपर चालवतो. मी स्वतः चाळीस वर्षं गल्लोगल्ली ओरडत हिंडले, “टाकीऽऽ लावायची का, जात्याला-पाट्याला टाकीऽऽ!” दगड वापरून वापरून गुळगुळीत होतो, दाणा घसरायला लागतो. मग टाकी म्हणजे छिन्नी घेऊन त्याला पुन्हा टवके पाडायचे, की तो पुन्हा दळायला लागतो. ते माझं काम. त्या कामात एकदा दगडाची खपली उडाली आणि उजवा डोळा गेला. मिक्सर आले, काम गेलं. पन्नाशीनंतर कस्तुरीनंच मला अक्षरं शिकवली. चुकलं तर ती पाटी पुसू द्यायची नाही. चुकलेल्याच्या खाली बरोबर काढायला लावायची.

मिरचीचं आणि पोत्याचं कार्ड मी होताना बघितलं. ती फोटो कॉम्प्युटरवर इतका मोठा करायची की मिरचीची साल म्हणजे उन्हाळ्यातल्या तळ्याचा भेगाळलेला तळ वाटायचा. मग त्यातला एक चौकोन निवडायची. उजेड जिथं संपतो आणि सावली सुरू होते तिथं रेघ. अशा रेघा मारता मारता तीन कोनांचे, चार कोनांचे तुकडे पडायचे. मग खालचा फोटो काढून टाकायची. नुसत्या रेघा राहायच्या. तो तुकडा फिरवून फिरवून चार वेळा मांडला की नक्षी बंद व्हायची, कुठून सुरू झाली ते सापडायचं नाही. आणि मग रंग. मिरचीला तांबडा, नारिंगी आणि मध्येच एक वांगी रंग. मी म्हटलं, “मिरचीत वांगी रंग कुठला?” तिनं फोटोत बोट ठेवून दाखवला. होता.

तिसरं कार्ड दगडाचं. तो मसाला अण्णा ‘आक्कांच्या जात्यावरचा’ म्हणून विकणार होते. आक्का म्हणजे अण्णांच्या आई. कारखाना आणि घर एकाच आवारात. घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचं जुनं जातं मांडलेलं असायचं, खुंट्याला झेंडूची माळ.

“हे जातं नको,” मी कस्तुरीला म्हणाले. “माळावर चिक्कार दगड पडल्यात. त्यातला एक बघ.”

“आत्ती, सरांनी हेच सांगितलंय. मसाल्याला आक्कांचं नाव आणि कार्डावर दुसऱ्याचा दगड व्हय?”

“मग वरनंच काढ फोटू. उचलायला नको. जड हाय.”

“वर काय हाय? वरचं सगळं गुळगुळीत. धरा तिकडनं.”

का नको ते मी तिला सांगितलं नाही. धरलं तिकडनं. वरचा दगड आम्ही बाजूला ठेवला. आत जुनं पीठ, धूळ, कुणी तरी वाहिलेली हळद-कुंकू, सगळं चिकटून बसलेलं. एका डोळ्यानं मला नीट काही दिसलं नाही आणि मी दिसायची घाईही केली नाही. कस्तुरीनं ब्रशनं दगड साफ केला आणि ओरडलीच, “आत्ती! ओळी बघा ओळी! कशा मधनं निघाल्यात, फुलागत!”

सात-आठ दिवस गेले. तिन्ही कार्डं अण्णांनी पास केली. सोमवारी छपाई, चाळीस हजार. शुक्रवारी संध्याकाळी कस्तुरी दुकानाचा लॅपटॉप घेऊन चुलीपाशी आली, माझ्या शेजारी बसली. “तुम्ही दगडाचं बघितलंच न्हाईसा. बघा आता. सरांना हेच सगळ्यात जास्त आवडलंय.”

निळा, केशरी आणि राखी रंग. मधून निघून कडेकडे तिरक्या पळणाऱ्या ओळी, त्यांचे लहान लहान चौकोन, प्रत्येकाचा रंग निराळा. वाऱ्यावर धरलेल्या भिंगरीसारखं ते कार्ड उभ्या जागी फिरत होतं. इतकं देखणं काम मी बघितलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

“उलटं हाय.”

“काय उलटं?”

मी ताटात पीठ पसरलं आणि बोटानं ओळी ओढून तिला दाखवल्या. जातं फिरतं एकाच बाजूला. टाकीच्या ओळी अशा तिरक्या पाहिजेत की दगड फिरला की पीठ मधून कडेला ढकललं जावं. कार्डावरच्या ओळी दुसऱ्या अंगाला कलल्या होत्या. “असल्या जात्यात पीठ भाईर पडत न्हाई. आतच घोटाळत बसतं. बाईच्या दंडाला मात्र त्रास.”

कस्तुरीचा चेहरा उतरला. “फोटो पलटी झाला असंल. मांडताना मी एकदा पलटी करून बघितलेला… तसाच ऱ्हायला जणू.” तिनं मूळ फोटो शोधला. कॅमेरा परत देताना तो पुसला गेला होता, तिच्याकडे कापलेला चौकोनच राहिला होता. “अगं बाई. चाळीस हजार डब्यात उलटं जातं गेलं असतं. सकाळी जाऊन सांगते सरांना.”

“सांगायलाच पायजे का? आता जातं कोण दळतंय, कुणाला कळणार हाय?”

“तुम्हाला कळलं की,” ती म्हणाली.

मी तिला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. ती जेवली नाही. मी जेवले.

सकाळी आम्ही दोघी गेलो. अण्णा सोप्यात चहा घेत होते, आक्का कॉटवर पाय पसरून बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, पण कणा ताठ. कस्तुरीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, “सर, माझी चूक झालीया. दगडाचा फोटो माझ्याकडनं उलटा पडला. नक्षी परत करावी लागंल.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “परवा छपाई हाय कस्तुरी. आज शनिवार. आणि तू आज सांगतीस? कोल्हापूरवाल्यांनी असं केलं असतं तर मी त्यांना दारात उभं केलं नसतं.”

“व्हय सर.”

“व्हय सर काय? कुणी सांगितलं उलटं हाय म्हणून?”

“आत्तीनी.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग कार्ड हातात घेतलं. “चला, दगडच बघू.”

कस्तुरीनं आणि त्यांनी वरचा दगड उचलला. कार्ड खालच्या दगडाशेजारी धरलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आणि अण्णा हसले.

“अगं, बरोबर हाय की! बघ. दगडाच्या ओळी ह्या अंगाला, कार्डाच्या पण ह्याच अंगाला. काय उलटं न्हाई अन् पालटं न्हाई. शिवव्वा, तुझा एक डोळा गेलाय, आता दुसरा पण तपासून घे.”

कस्तुरीनं छातीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायला लागली. “आत्ती, रातभर जीव खाल्लासा माझा!”

तिथंच सगळं मिटलं होतं. मी नुसती मान हलवायची होती, माझाच डोळा चुकला म्हणून हसायचं होतं. कस्तुरीला टेबल-खुर्ची मिळाली असती, कार्डं सोमवारी छापून आली असती. मी मान हलवलीसुद्धा, असं मला आठवतं.

तेवढ्यात आक्कांनी हात पुढे केला. “बघू दे तरी मला.” कार्ड त्यांनी डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. “कसं झकास दिसतंय! आणि ह्या मेल्यानं माझा जीव खाल्ला बघ नऊ वर्षं, सासू जाईपतोर. सासूला गिरणीचं पीठ चालायचं न्हाई. पहाटेपासनं वढायची मी आणि पीठ म्हणून पडायचं न्हाई. सासू यायची, दोन बोटात पीठ धरायची आणि आल्यागेल्याला सांगायची, हिच्या दंडात जोरच न्हाई, दुबळ्या घरची आणलीया. माझ्या भावाच्या तोंडावर म्हणाली एकदा. भाऊ जेवता जेवता उठला.” त्या हसल्या. “खरंच नव्हता बाई जोर. काय खोटं बोलायचं. जाऊ दे.”

कुणी आपलं जन्मगाव सांगावं इतक्या सहज त्या ते बोलल्या.

“कार्ड बरोबर हाय,” मी म्हणाले. “दगड चुकीचा हाय.”

“काय?” अण्णा म्हणाले.

“दगडाला टाकीच उलटी लागलीया. वरच्या पण आणि खालच्या पण. आक्कांच्या दंडाचा त्यात काय संबंध न्हाई.”

“चल, काय तरी बोलतीस. पन्नास वर्षांमागची गोष्ट. तुला काय ठावं, कुणी लावली टाकी?”

“मी लावली.”

मग मी उरलेलं अर्धं सांगितलं. लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची. आमच्यात नवी सून सासूच्या शेजारी बसत नव्हती, समोर खाली मान घालून बसायची. मी समोर बसून काम बघितलं. सासू उजवी, मी डावखुरी. तिचा हात ज्या अंगाला जाई त्याच अंगाला माझाही गेला, आरशातल्यासारखा. सगळी टाकी उलटी शिकले. मगदुमांचं घर हे मला एकटीला दिलेलं पहिलं घर. पुढच्या वर्षी दुसरीकडे काम करताना सासूनं बघितलं आणि हातावर हातोडीच्या दांड्याचा फटका दिला. उजव्या हातात हातोडी देऊन सगळं पुन्हा शिकवलं. विचारलं, “असा दगड आणखी कुठं बिघडवलायस?” मी म्हणाले, कुठं न्हाई.

“का?” कस्तुरीनं विचारलं.

“दगड पूर्ण घासून काढावा लागतो. आणि चार लोकांत सांगावं लागतं की टाकीवालीच्या सुनेला टाकी येत न्हाई. एकदा उलट्या ओळी पडल्या की त्याच खोल करत जायचं. ज्याचं घर त्यानंच जायचं, असं आमच्यात असायचं. दुसरं कोण हात लावणार न्हाई. दरसाली मीच आले. दरसाली त्याच ओळी खोल करून गेले.”

अण्णांचा विश्वास बसला नाही. “हे कसं कळायचं? कोण सांगणार खरं का खोटं?”

“जोंधळं आणा पसाभर,” मी म्हणाले. “आणि उलटं फिरवून बघा.”

“जातं उलटं फिरवत न्हाईत घरात,” आक्का मध्येच बोलल्या. आवाज बदललेला. “अवदसा येती.”

“आलेली हाय आक्का. मीच आणलीया.”

अण्णांनी आतून जोंधळे आणले. कस्तुरी मांडी घालून बसली. आधी सरळ फिरवलं. दहा वेढे, पंधरा वेढे. दगड जड होत गेला, कस्तुरीच्या मानेच्या शिरा ताठल्या, आणि कडेनं भरड दाणा चिमूट-दोन चिमूट पडला. मग ती थांबली, आक्कांकडे बघितलं, आणि खुंटा उलट्या अंगाला ओढला.

पाचव्या वेढ्याला पीठ आलं. मऊ, पांढरं, सगळ्या कडेनं एकसारखं. जात्याचा आवाजसुद्धा बदलला.

आक्का कॉटवरून उतरल्या. खाली वाकून त्यांनी ते पीठ दोन बोटांत धरलं. बराच वेळ चोळत राहिल्या.

“तुला ठावं हुतं?”

“दुसऱ्या वर्षापासनं.”

“आणि दरसाली यायचीस.”

“यायची.”

“माझ्या हातची भाकरी खाऊन जायचीस. त्याच पिठाची.”

“खायची, आक्का.”

त्या उठल्या, बोटं पदराला पुसली आणि घरात गेल्या. दार लावून घेतलं नाही, पण परत बाहेर आल्या नाहीत.

अण्णा डोकं धरून बसले होते. “आता ह्या कार्डाचं काय करू? हा दगड छापू म्हणतीस? ज्यानं आईला…” त्यांनी कार्ड खाली ठेवलं. “राहू दे कस्तुरी. दगडाचं कार्ड कॅन्सल. कोल्हापूरला फोन लावतो, काय तरी फुलं-पानं देतील दोन दिवसांत.”

कस्तुरी उभी राहिली. तिचे हात पिठानं भरले होते. मला वाटलं आता ही माझ्यावर फुटणार, आणि फुटली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती अण्णांना म्हणाली, “सर, मिरचीचं आणि पोत्याचं सोमवारी छापायला घाला. दगडाचं मी तुम्हाला सोमवारी सकाळी नवं देते.”

“कुठल्या दगडाचं?”

“ह्याच.” मग माझ्याकडे वळली. तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. “आत्ती, टाक्या कुठं ठेवल्यासा?”

“पत्र्याच्या पेटीत.”

“तुला दिसतंय का शिवव्वा?” अण्णा म्हणाले.

“हाताला दिसतंय,” मी म्हणाले.

त्या शनिवारी दुपारी मी कामाला बसले. आधी दोन्ही दगडांची तोंडं घासून सपाट करायची होती. वाळू टाकायची, पाणी मारायचं, दुसऱ्या दगडानं घासायचं. नऊ वर्षं खोल केलेल्या ओळी अशा तशा जात नाहीत. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सोलून निघाली. कस्तुरी पाणी घालत होती, राड काढत होती. मग एकदाच म्हणाली,

“काल रातीच का सांगितलं न्हाईसा? मी माझी चूक म्हणून सकाळपतोर जागी हुते.”

“ठावं हाय. मी बघत हुते.”

“आणि?”

“आणि काय. भ्याले.”

तिनं तांब्याभर पाणी जोरात दगडावर ओतलं. माझ्या अंगावर उडालं. “घासा,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं हणमंताचा वेल्डिंगचा चष्मा आणून माझ्या डोळ्यांवर चढवला, म्हणाली, “असला नसला एकच ऱ्हायलाय, त्यो तरी जपा.” काळ्या काचेतून काही दिसेना. तिनं काच काढून साधी बसवून आणली. मग मी खडूनं ओळी आखल्या, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, बरोबर अंगाला तिरक्या. हातोडी उजव्या हातात घेतली. डावा हात पुढे पुढे येत होता, त्याला मी नुसती टाकी धरून ठेवायला लावली. पहिला घाव बसला आणि आवाज आला तेव्हा कळलं की जमतंय. त्याआधी बारा वर्षं टाकी धरली नव्हती.

मुंग्यांच्या रांगेसारखे टवके पडत गेले. घाई केली की दगड फुटतो, हळू केलं की टवका उथळ बसतो. दुपारी मान उचलली तेव्हा आक्का कॉट उन्हात ओढून समोर बसल्या होत्या. कधी आल्या मला कळलं नाही. चहा आला तो तिघींना आला, त्यांनी आपला घेतला, मी माझा घेतला. त्या प्रत्येक घावाकडे बघत होत्या, आता ही पुन्हा फसवते का म्हणून बघावं तशा. बघू दे म्हटलं. जे त्यांनी नऊ वर्षं बघायला पाहिजे होतं ते आता बघितलं तर माझी तक्रार नव्हती.

कार्डाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण ते सरळ आहे. उन्हं कलल्यावर कस्तुरीनं कॅमेरा पुन्हा मागून आणून नवी टाकी लावलेल्या दगडाचे फोटो काढले, तिरप्या उजेडात टवका न् टवका दिसत होता. सोमवारी सकाळी तिनं नवी नक्षी अण्णांच्या टेबलावर ठेवली. खरं सांगायचं तर पहिली जास्त देखणी होती. जुन्या झिजलेल्या दगडाला एक मऊपणा होता, नव्याचे कोपरे टोचतात. तिनं रंगही बदलले, केशरी काढून हळदीसारखा पिवळा घातला. अण्णांनी पाच मिनिटं बघितलं आणि प्रेसला फोन लावला. ते कार्ड बुधवारी छापून आलं. कस्तुरीला पुढच्या महिन्यात टेबल-खुर्ची मिळाली, ती खुर्ची अजून मोडलेली नाही.

पण मला आठवतो तो रविवार. फोटो काढून झाले, कस्तुरी लॅपटॉप घेऊन आत गेली. मी दगडांवरची भुकटी झाडली, दोन्ही धुतले, वाळवले, खालचा मांडला, वरचा बसवला. खुंटा ठोकला. टाक्या पेटीत भरायला लागले.

आक्का कॉटवरून उतरल्या. सुपात जोंधळे घेऊन आल्या आणि जात्यापाशी मांडी घालून बसल्या.

“आई, तू कशाला?” अण्णा धावत आले. “कस्तुरीला बोलवतो. न्हाईतर मी फिरवतो.”

“तू गप.” त्यांनी मूठभर दाणे घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “समोर बस.”

मी त्या घरात नऊ वर्षं आले होते. अंगणात दगड मांडायचे, मी टाकी लावायची, भाकरी हातावर घ्यायची आणि जायचं. जात्यावर बस असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

“ऐकू येत न्हाई व्हय? बस म्हणतीया.”

मी बसले. त्यांचा हात खुंट्याच्या वर, माझा खाली. त्यांनी ओढलं, मी लोटलं. सरळ अंगाला. पहिले दोन वेढे दगड कुरकुरला, टाकी नवी होती. तिसऱ्या वेढ्याला पीठ पडायला लागलं. सगळ्या कडेनं, पावडरीसारखं. आक्का बघत होत्या, पण हात थांबला नाही. उलट वेग वाढला. कपाळावर घाम आला, अंबाडा सुटला, बांगड्या खुंट्यावर आपटत होत्या.

“आक्का, दमाल,” मी म्हणाले.

“दाणं घाल.”

मी घातले. पीठ जात्याभोवती गोल साठत गेलं, उंच होत गेलं. अण्णा दारात उभे होते, त्यांना पुढं यायचं धाडस होत नव्हतं.

“शिवगोंडा,” आक्कांनी मान न वळवता अण्णांना हाक मारली.

“काय आई?”

“तुझ्या आज्जीचा फोटू हाय न्हवं आत, देवघराजवळ? हार घातलेला?”

“हाय की.”

“काढून आण. हितं माझ्या समोर ठेव, खांबाला टेकवून.”

अण्णा आत गेले आणि फोटो घेऊन आले. काचेवर धूळ होती, त्यांनी ती बाहीनं पुसली आणि फोटो खांबाला टेकवला. नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकवाची आक्कांची सासू आमच्याकडे बघत बसली.

आक्कांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग खुंट्यावरची मूठ घट्ट केली.

“वढ शिवव्वा,” त्या म्हणाल्या. “थांबू नको.”